हवा शिरलेला मग

डिग्रीसाहेब हे नाव त्यांना दूध डेअरीत मिळालं आणि निवृत्तीच्या दिवशी मिळालेल्या भिंतीवरच्या घड्याळाबरोबर तेही घरी आलं. चौतीस वर्षं त्यांनी एकच काम केलं, दुधाचं तापमान बघितलं. दूध बहात्तर डिग्रीला न्यायचं, पंधरा सेकंद तिथं धरायचं आणि तडक चारवर आणायचं. एक डिग्री इकडची तिकडे झाली की अख्खी टाकी नापास. मालक येवो की मालकाचा बाप, डिग्रीसाहेबांची सही नाही तर दूध दाराबाहेर नाही. असा माणूस घरी येऊन गप्प बसतो थोडाच! आंघोळीचं पाणी, फ्रीजचा खालचा कप्पा, लेकीचा ताप, सगळीकडे त्यांचा थर्मामीटर बुडून यायचा. बायको म्हणायची, "एकदा माझ्या डोक्याला लावून बघा, काच तडकेल."

ही बायको आता पाच आठवडे हॉस्पिटलात होती. दुखणं कोणतं ते घरात कुणी मोठ्यानं म्हणत नव्हतं. पण डॉक्टरांनी डिग्रीसाहेबांना बाजूला घेऊन "जे मागतील ते द्या" असं सांगितलं होतं, आणि एवढं सांगितल्यावर न कळण्याइतके ते भोळे नव्हते. हॉस्पिटल शहराच्या दुसऱ्या टोकाला, दोन बस बदलून एक तास वीस मिनिटांवर. भेटायची वेळ चार ते पाच. रविवार सोडून ते रोज पावणेचारला फाटकाशी हजर असायचे आणि पाचला सिस्टरनं तीनदा खाकरल्याशिवाय उठायचे नाहीत.

पाच आठवड्यांत तिनं काही म्हणजे काही मागितलं नव्हतं. तिचा तो स्वभावच नव्हता. मग एका सोमवारी हॉस्पिटलच्या यंत्रातला चहा बाजूला सारत ती म्हणाली, "गरम पाण्याला चहाची नुसती ओळख करून दिलीय मेल्यांनी. अहो, घरचा चहा प्यावासा वाटतोय. गरम."

दुसरा कुणी असता तर दुसऱ्या दिवशी एका बाटलीत चहा ओतून, वर टॉवेल गुंडाळून घेऊन गेला असता. डिग्रीसाहेब बाजारात गेले.

भांड्यांचं दुकान चालवणारी बाई चष्मा दोरीला अडकवून गळ्यात घालायची आणि गिऱ्हाईक शहाणं निघालं की तो डोळ्यांवर चढवायची. डिग्रीसाहेबांनी "चहा गरम राहील असा मग दाखवा" म्हटल्यावर तिनं सात मग काउंटरवर मांडले. त्यांनी एकेकाचं झाकण फिरवून बघितलं, झाकणातली रबरी रिंग काढून हुंगली, आणि मग दुकानात स्वतःच्या चहासाठी ठेवलेल्या किटलीकडे बोट दाखवून म्हणाले, "थोडं उकळतं पाणी मिळेल?"

चष्मा वर चढला.

"काका, मग घ्यायचाय की लग्न ठरवायचंय?"

पण पाणी दिलं बाईनं. त्यांनी सातही मग भरले, झाकणं लावली आणि पाच मिनिटांनी एकेकाला दोन्ही तळव्यांत धरून बघितलं. सहा गार लागले. सातवा, निळ्या रंगाचा, हातात ऊबदार लागला. डिग्रीसाहेबांचा चेहरा डेअरीत व्हायचा तसा झाला.

"हा बाद. याच्यात हवा शिरलीय. दोन भिंतींच्या मधे काहीही नसावं लागतं, हवासुद्धा नाही, तरच आतली उष्णता आत राहते. बाहेरून कोमट लागतोय म्हणजे गळतोय. हा विकू नका कुणाला."

"बरं झालं सांगितलंत," बाई म्हणाली आणि निळा मग काउंटरखाली ढकलून मोकळी झाली.

उरलेल्या सहांतून तीन निवडून ते घरी आले. आता कुणालाही वाटेल, झालं काम. पण नाही. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात ते उगाच नाही. डिग्रीसाहेबांच्या मते घरात बसून घेतलेली परीक्षा ही परीक्षाच नव्हे; माल ज्या रस्त्यानं जाणार त्याच रस्त्यानं तपासायचा. चहा तिच्या ओठांना लागेल तेव्हा निदान सत्तर हवा, असं त्यांनी वहीत लिहिलं, खाली रेघ मारली, आणि मंगळवारी पहिला मग भरून बसमध्ये बसले.

हॉस्पिटलच्या फाटकाशी एक झाड होतं. त्याच्या कट्ट्यावर बसून त्यांनी झाकण उघडलं, थर्मामीटर बुडवला, तीन मिनिटं थांबले. एकसष्ट. नापास. नापास माल आत जात नाही हा चौतीस वर्षांचा नियम. त्यांनी चहा झाडाच्या बुंध्याशी ओतला, मग निथळून पिशवीत ठेवला आणि रिकाम्या हातांनी वर गेले.

"आणलात?" बायकोनं विचारलं.

"आज नापास. एकसष्टच भरला."

ती हसली. हसताना तिच्या गालांची हाडं आता फार वर यायची. "अहो, आणायचा होतात तसाच. मी काय सही मागणार होते?"

"एकसष्टचा चहा? तुला?" ते म्हणाले. हे त्यांनी अगदी मनापासून म्हटलं होतं. बायकोसाठी हलका माल त्यांना चालणार नव्हता.

बुधवारी दुसरा मग, चौसष्ट. गुरुवारी तोच मग, पण आधी उकळत्या पाण्यानं आतून शेकून घेतलेला, अडुसष्ट. शुक्रवारी पहिली बस उशिरा आली म्हणून परीक्षाच रद्द. शनिवारी तिसरा, अरुंद तोंडाचा मग घेतला, पण झाकणाची चहा प्यायची फट नीट मिटली नव्हती, एकोणसत्तर. एका डिग्रीसाठी त्यांनी तोही ओतला. रविवारी हॉस्पिटलात भेटायला सोडतच नसत. रोज फाटकाशी झाडाला घरचा चहा मिळत होता, रोज ते वर जाऊन आकडा सांगत होते, आणि ती रोज म्हणत होती, "उद्या होईल पास." लेक परदेशातून फोन करायची, ती वैतागून म्हणाली, "बाबा, कुठलाही घ्या ना! मगच आहे तो." डिग्रीसाहेबांनी तिला बाहेरची आणि आतली भिंत यांतला फरक समजावून सांगितला.

पुढच्या सोमवारी तिसरा मग आतून दोनदा शेकला, काठोकाठ भरला, फट दाबून मिटली, मग मोज्यात आणि मोज्यासकट पिशवीत. झाडाखाली पारा चढत चढत सत्त्याहत्तरवर थांबला. आजूबाजूला कुणी ओळखीचं नव्हतं, नाहीतर त्यांनी मिठी मारली असती.

ती उशांना टेकून बसली होती. त्यांच्या चेहऱ्याकडे बघूनच म्हणाली, "पास?"

"सत्त्याहत्तर!"

तिनं दोन्ही हात पुढे केले. त्यांनी मग तिच्या ओंजळीत ठेवला.

"हे काय, हा तर बाहेरून गारच आहे."

"तीच तर खुबी आहे. आतली ऊब कणभरही बाहेर येत नाही."

"असं होय," ती म्हणाली आणि मग परत देऊन हात पांघरुणात घेतले. औषधांनी तिची बोटं सदा गारठलेली असायची.

त्यांनी झाकण उघडलं. वाफ आली, तिच्याबरोबर घराचा वास आला, इतका की शेजारच्या खाटेवरच्या बाईनं मान वळवली. तेवढ्यात सिस्टर लगबगीनं आली. "काका, गरम नको हं! काकूंच्या तोंडात फोड आलेत. कोमट चालेल, तेसुद्धा चमच्यानं."

"फोड? कधीपासून?"

"काल रात्रीपासून. शनिवारपर्यंत काही नव्हतं."

शनिवारपर्यंत काही नव्हतं. डिग्रीसाहेब हातात उघडा मग धरून उभे राहिले. मंगळवारचा एकसष्ट, बुधवारचा चौसष्ट, गुरुवारचा अडुसष्ट, शनिवारचा एकोणसत्तर, यांतला कुठलाही चहा ती कप तोंडाशी नेऊन, फुंकून, मजेत प्यायली असती. ते चारही कप त्यांनी आपल्या हातानं झाडाला घातले होते. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, इथं तर थर्मामीटर दाखवून झालं होतं.

"असू दे," बायको म्हणाली. "वाफ तर घेते." तिनं मगावर तोंड वाकवलं आणि डोळे मिटून बराच वेळ तशीच राहिली.

मग त्यांनी चहा ग्लासात ओतला, या ग्लासातून त्या ग्लासात, पुन्हा त्यातून यात. आठ दिवस धडपडून सांभाळलेली एकेक डिग्री ते आता स्वतःच घालवत बसले होते. कोमट झाल्यावर चमच्यानं दोन घोट तिला पाजले.

"हं. हा माझा चहा," ती म्हणाली.

"गार झालाय गं."

"माझा असाच असतो. चाळीस वर्षांत मी कधी गरम चहा प्यायलेय का? तुम्हाला दिला, पोरीला दिला, मग डबे, मग तिची वेणी, मग तुमचा शर्ट सापडत नाही. माझा आपला ओट्यावर, बशीखाली." तिनं ओठ टिपले. "म्हणून तर म्हटलं होतं. इथं ना डबा, ना शर्ट. बसूनच आहे, तर एकदा गरम पिऊन बघावा."

आवाजात तक्रार नव्हती. दुधाची पिशवी संपलीय हे ज्या सुरात सांगायची, त्याच सुरात तिनं हे सांगितलं. चार शब्द सुनावले असते तर त्यांना बरं वाटलं असतं.

त्या संध्याकाळी त्यांनी आपणहून लेकीला फोन लावला.

"तुझी आई सकाळी काय काय करायची गं? म्हणजे तू शाळेत होतीस तेव्हा. क्रमानं सांग."

"बाबा, तुम्ही घरातच होतात की."

"सांग तू."

लेक सांगत गेली आणि ते वहीत लिहीत गेले. सतरा ओळी झाल्या. शेवटची ओळ होती, पावणेआठला माझी बस गेली की आई खाली बसायची आणि चहा प्यायची.

सकाळी सहाला त्यांनी चहा केला. आपला कप भरला, दुसरा लेकीचा म्हणून भरला, सगळ्यात शेवटी तिचा. तिच्या कपावर बशी घालून तो ओट्याच्या कोपऱ्यात ठेवला. आपला चहा नेहमीसारखा गरमगरम पिऊन टाकला आणि वही उघडून पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. भाजी चिरली, डबे भरले. खाणारं कुणी नव्हतं, तरी भरले. शर्टाला इस्त्री केली. वेणी घालायला डोकं नव्हतं, म्हणून आरशासमोर तेवढी पाच मिनिटं नुसते उभे राहिले. अंथरुणं काढली, पाणी भरलं, झाडायला लागले तेव्हा कंबर धरली. पावणेआठ वाजले तेव्हा ते दहाव्या ओळीवर होते. ती रोज तोवर सतराव्या ओळीशी पोचायची.

त्यांनी बशी उचलली. बशीच्या पोटाला पाण्याचे थेंब लागले होते आणि चहावर साय सुरकुतली होती. थर्मामीटर बुडवून ते नियमाप्रमाणे तीन मिनिटं थांबले.

तेहेतीस.

त्यांनी पुन्हा बघितलं. तेहेतीसच. डेअरीत बहात्तर चालायचं, चार चालायचं. तेहेतीसवर राहिलेलं दूध सापडलं की ते नासणार हे ठरलेलं. ते तडक गटारात सोडायला सांगायचे. आणि घरात एक बाई त्यांच्या डोळ्यांसमोर चाळीस वर्षं रोज तेहेतीसवरचा कप पीत होती. घरातली एकही वस्तू तपासायची सोडली नव्हती या माणसानं. ओट्यावरच्या त्या बशीखाली मात्र कधी वाकून बघितलं नाही. दिव्याखाली अंधार तो याहून काय वेगळा असतो?

त्यांनी तो चहा उभ्यानं प्यायला, सायीसकट. मग ओट्याला टेकून खाली बसले आणि लहान मुलासारखे रडले.

दहा वाजता भांड्यांच्या दुकानाचं शटर वर गेलं तेव्हा ते पायरीवरच होते.

"काय झालं काका? मग गळला?"

"नाही, मग उत्तम आहे. मला तो निळा द्या."

चष्मा वर चढला. "कुठला निळा?"

"मी बाद केला होता तो. हवा शिरलेला."

"अहो, तुम्हीच सांगितलंत ना, कुणाला विकू नका म्हणून?"

"तिचे हात गार असतात," डिग्रीसाहेब म्हणाले, आणि पुढचं त्यांना नीट सांगता आलं नाही. बाईनं चष्मा काढला. काउंटरखालून निळा मग काढला, पुसला, स्वतः किटलीतलं पाणी ओतून बघितलं, आणि हाताला ऊब लागल्यावर त्यांच्यासमोर ठेवला.

त्या दिवशी त्यांनी परीक्षा घेतली नाही. एका पिशवीत दोन्ही मग घेतले. चांगल्यात कालच्यासारखाच शेकून भरलेला चहा, निळा रिकामा. झाडाखाली थांबलेही नाहीत. वर जाऊन निळ्यात चहा ओतला, झाकण घट्ट लावलं आणि मग तिच्या हातांत दिला. तिची बोटं त्याच्याभोवती मिटली.

"अगं बाई," ती म्हणाली. "हा गरम आहे."

"बाद माल आहे. गळतो."

"गळू दे. माझ्याच हातात गळतोय ना?"

ती तो मग तासभर धरून बसली. निवला की ते तो ग्लासात रिकामा करायचे, चांगल्यातला चहा निळ्यात भरायचे आणि पुन्हा तिच्या हातांत द्यायचे. ग्लासातला कोमट झालेला चहा चमच्यानं ती दोन-तीन घोट घ्यायची. चौतीस वर्षं ज्याला ते वहीत 'वाया' म्हणून लिहीत आले, ते सगळं तिच्या तळव्यांत जात होतं. पाच वाजता सिस्टर आली, पण त्या दिवशी ती खाकरली नाही.

भेटीचे असे नऊ दिवस मिळाले. शेवटच्या तीन दिवसांत घोटही जात नव्हता, पण मगासाठी तिचे हात पुढे यायचे. नवव्या दिवशी तेही आले नाहीत. त्यांनीच बोटं उचलून मगाभोवती ठेवली आणि वरून आपले हात धरले. मग निवला, त्यांनी पुन्हा भरला. तिसऱ्यांदा भरायला घेतला तेव्हा सिस्टरनं हळूच त्यांच्या हातातून झाकण काढून घेतलं आणि म्हणाली, "काका, आता राहू दे."

दोन दिवसांनी लेक आली. घर माणसांनी भरलेलं होतं. शेजारचे, डेअरीतले जुने लोक, बायकोच्या मैत्रिणी, दुकानवाली बाईसुद्धा कुठून पत्ता काढून आली आणि दाराशी उभी राहिली. डिग्रीसाहेब स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसले होते. कुणी काही म्हणालं की मान हलवत होते.

लेकीनं मोठ्या पातेल्यात चहा टाकला. विमानातून उतरल्यापासून तिच्या पोटात पाण्याशिवाय काही नव्हतं. तिनं कप मांडले, ओतले, पहिला बाबांच्या हातात दिला, बाकीचे ट्रेमध्ये ठेवले. एक कप उरला, तिचा. तो तिनं ओट्याच्या कोपऱ्यात सरकवला, वर बशी घातली आणि ट्रे उचलला.

डिग्रीसाहेबांना ती बशी दिसली.

ते उठले. इतक्या झटक्यात उठले की स्टूल पडलं. त्यांनी लेकीच्या हातातून ट्रे घेऊन ओट्यावर ठेवला, बशी काढली आणि तो कप तिच्यापुढे धरला.

"आधी हा पी."

"बाबा, बाहेर लोक आहेत. ठेवा तिथं, पिते मी नंतर."

"लोकांचा मी नेतो. नंतर नाही. आत्ता पी, गरम आहे तोवर."

त्यांचा आवाज चढला होता. लेकीनं त्यांच्याकडे बघितलं, मग ओट्यावरच्या बशीकडे. त्या संध्याकाळी फोनवर सांगितलेली सतरावी ओळ तिला आठवली असावी. तिनं कप घेतला, फुंकर मारली आणि एक घोट घेतला. तिचे डोळे भरून आले.

"फार गरम आहे हो बाबा," ती म्हणाली.

"असू दे," ते म्हणाले आणि तिचा कप रिकामा होईपर्यंत तिथंच उभे राहिले.